धोका अद्याप कायम असल्याबाबत

माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण ठकुआत्या. खारबावहून आली की आधी स्वयंपाकघरात येते. त्या दिवशी ओट्यावर रिव्हॉल्वरच्या परवान्याचा कोरा अर्ज पडला होता, कारण घरात बी.कॉम. झालेली मी एकटीच आणि अर्ज भरायचं खातं माझ्याकडे. आत्यानं अर्जाला हात लावला नाही. लांबूनच बघितलं.

"पोरी, घरात नवी वस्तू आली का तिला काम द्यावं लागतं. मिक्सर आनलास, तवापासून रोज चटनी. ही वस्तू आनशील, तिला काय काम देशील?"

मी हसले आणि मिक्सरचं बटण फिरवलं.

हे साल २००४. आम्ही काल्हेरचे. जिथे आमची भातशेती होती तिथे आता आमची तीन गोदामं आहेत. गोदामं आली, तशी आसपासच्या जमीनमालकांच्या कमरेला रिव्हॉल्वरं आली. हळदीला जायचं तर सोन्याची चेन, पांढरे बूट आणि रिव्हॉल्वर असा पोशाख ठरून गेला होता. आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे कुणालकडे, यातल्या पहिल्या दोनच गोष्टी होत्या. त्यामुळे हळदीच्या फोटोत हे नेहमी कडेला उभे असत आणि अर्धे कापले जात. शेवटी आमच्या गोदामाचा वॉचमनच एक दिवस म्हणाला, "शेठ, बाकी सब गोदामवालों के पास है. अपने यहाँ चोरी करने में चोर की भी बेइज्जती है." ह्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज आणला.

अर्जात एक रकाना होता : 'अर्जदाराच्या जीवितास कोणापासून धोका आहे?' मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'कोणापासूनही नाही.' परवाना शाखेतल्या कारकुनांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुम्हाला एकही शत्रू नाही?"

"नाही ओ. आमचं सगळ्यांशी चांगलं आहे," हे अभिमानानं म्हणाले.

"मग शस्त्र कशाला?"

"संरक्षणाला."

"कुणापासून?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"असं बघा," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाले, "ज्याचं कुणाशी वाकडं नाही, अशा माणसाच्या हातात शासन शस्त्र कसं देणार? आधी वैर करा. ते पोलीस ठाण्यात नोंदवा. निदान दोन एनसी तरी जोडा."

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तुम्ही सांगता, पोलीस लिहून घेतात, शिक्का मारतात आणि पुढे काही करत नाहीत. वैर जपून ठेवायला इतकी चांगली सोय दुसरी नाही.

शत्रू शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या बंगल्यातला भावेश हा ह्यांचा पहिलीपासूनचा मित्र. त्याचाही अर्ज त्याच रकान्यात अडकला होता. एका रविवारी दुपारी त्याच्याच ओटीवर बसून आम्ही वैर ठरवलं. भावेशची बायको दिपाली बोंबील तळत होती. माझी गोदू दीड वर्षाची, तिची मेघाली दोन वर्षांची. दोघी एकाच चादरीवर झोपल्या होत्या. मी लिहायला बसले.

"भावेशनं ह्यांना जीवे मारायची धमकी दिली. पण कशावरून?" मी विचारलं.

"बांधावरून," माझे सासरे काळूराम म्हणाले.

"बाबा, आता बांध कुठं राहिलाय?"

"मंग गटारावरून लिव. पन धमकी इज्जतीची पायजे. हलकी नको."

पहिली एनसी ह्यांनी भावेशवर नोंदवली, दुसरी भावेशनं ह्यांच्यावर. ठाण्यात दोघं एकाच मोटरसायकलवरून गेले. "पुढच्या वेळी वेगवेगळे या," हवालदार म्हणाला, "बरं दिसत नाही."

पण वैर घरातल्या बायकांपर्यंत पोचलेलं असेल तर प्रकरणाला वजन येतं, असं कारकुनांनी सुचवलं होतं. म्हणून तिसरी एनसी दिपालीनं माझ्यावर नोंदवायचं ठरलं. मजकूर मीच रचला : 'सदर महिलेने फिर्यादीच्या दारात येऊन, मेघालीला सांभाळ, तिच्या जिवाला धोका आहे, असे धमकावले.'

"काय गं, मेघालीचं नाव कशाला?" दिपाली हसतच म्हणाली.

"लहान मूल असलं की लवकर मंजूर होतं."

"भारी लिहितेस हां तू. खरंच वाटतं." आणि बोंबलाच्या तेलकट बोटांनी तिनं सही केली.

चौकशीला अधिकारी आले तेव्हा मी दिपालीकडून लसूण आणत होते. त्यांनी शेरा मारला, 'वैर असमाधानकारक.' मग दोन बंगल्यांच्या मध्ये सात फुटी भिंत बांधली. खाली पाणी जायला एक भोक ठेवलं. परवाने येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं. फराळाचं ताटसुद्धा बंद झालं. पहिल्या दिवाळीला दिपालीनं चुकून पाठवलेलं ताट मी रुमालाची गाठ न सोडता परत केलं. त्यासाठी आतून मला किती लागलं ते लिहायला अर्जात रकाना नव्हता.

दोन्ही परवाने एकाच दिवशी आले. दुकानदार म्हणाला, "दोघं सेम बोअरचं घ्या, काडतुसं एकमेकांना चालतात." दोघांनी तसंच घेतलं.

आता भिंत पाडायला हरकत नव्हती. पण दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे, तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण होतं आणि त्याला 'धोका अद्याप कायम असल्याबाबत' कागद लागतो. दुसरी म्हणजे, भावेशकडे आता खरोखरच रिव्हॉल्वर होतं, आणि त्याच्याच सहीचा कागद सांगत होता की त्याला ह्यांच्यापासून धोका आहे. असा माणूस शस्त्र घेऊन काय करेल, याचा विचार हे संध्याकाळी गच्चीवर बसून करू लागले. पलीकडच्या गच्चीवर भावेशही विचार करत बसलेला दिसायचा.

"त्याची नजर बदलली आहे," हे म्हणाले.

"तुमच्याकडे बघूनच बदलली असेल."

"तुला कळत नाही. त्याच्याकडे हत्यार आहे."

"तुमच्याकडे पण आहे."

"म्हणूनच तर तो घेऊन बसलाय!"

मधे जिल्हा परिषदेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली आणि सगळ्यांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस आली. जिवाला धोका असलेली सगळी माणसं रांगेत उभी राहून, एकमेकांकडे चुना-तंबाखू मागत, हत्यारं ठेवून आली. महिनाभर कुणाच्या जिवाला काही झालं नाही. हे रात्री शांत झोपले. निकाल लागल्यावर ठाण्यातून निरोप आला, धोका पूर्ववत सुरू झाला आहे, आपापली शस्त्रं घेऊन जावीत.

तीन वर्षांत आमच्या रिव्हॉल्वरनं वळ गावच्या हळदीतला एक मंडप, एक हॅलोजन दिवा आणि वरच्या फांदीवरचा एक नारळ यांच्यापासून आमचं संरक्षण केलं. फोटोत हे मधोमध आले.

शस्त्र मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावं, ही परवान्यातली अट आम्ही काटेकोर पाळली. कपाटाला लॉकर, लॉकरला चावी, आणि चावी देवघरात खंडोबाच्या फोटोमागे. तपासणीला आलेल्या पोलिसानं लॉकरवर टिचकी मारून 'योग्य' असं लिहिलं. दसऱ्याला सासऱ्यांनी शस्त्रपूजा मांडली. पाटावर लाल कापड, त्यावर रिव्हॉल्वर, झेंडूचं फूल. वाटीत सहा काडतुसं.

"वाटीत ती कशाला, बाबा?"

"देवाला निवेद नको?"

साडेचार वर्षांच्या गोदूनं रिव्हॉल्वरला हळदकुंकू वाहिलं, पाया पडली. आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. चावी कुठून निघाली आणि कुठे गेली, तेही ती बघत होती. ते मात्र मी बघितलं नाही. एरवी पोर दोनदा खोकली तरी थर्मामीटर काढणारी मी.

बारा दिवसांनी एका बारशाला जायला दागिने काढावेत म्हणून मी लॉकर उघडला. रिव्हॉल्वरवर ओलं कुंकू होतं. झेंडू ताजा होता. वाटीत काडतुसं पाच होती.

"गोदू, ही पूजा कुणी केली?"

"मी. रोज करते. आजोबा झोपले का."

"वाटीत सहा होती ना? एक कुठं आहे?"

"परसाद दिला. मेघालीला. भिंतीच्या भोकातून." माझा चेहरा बघून ती रागावली. "तूच बोलते ना, परसाद एकट्यानं ठेवायचा नाय!"

"मेघालीनं काय केलं त्याचं?"

"ती पन पूजा करते. तिच्या पप्पांच्या देवाची. ती बोलली, त्याच्या पोटात सहा घरं हायेत. सगळी रिकामी हायेत. त्याला भूक लागली असंल."

सासरे मागे उभे होते. "बघ," ते म्हणाले, "एवढीशी पोर, पन रोजची पूजा चुकवत न्हाय. याला बोलतात संस्कार."

ह्यांना मी संध्याकाळी सांगितलं. हे वाटीतली काडतुसं परत मोजू लागले. "एक कमी? जानेवारीत नूतनीकरण आहे, काडतुसं मोजतात! कुणाला बोलू नकोस."

मी दिपालीला फोन लावला. तिनं माझा आवाज ऐकून ठेवून दिला. मी पोलीस ठाण्यात गेले.

"काडतूस कुठं हरवलं?" हवालदारानं वही उघडली.

"हरवलं नाही. शेजारच्या मुलीला दिलं."

"मग गहाळ म्हणून कसं लिहू? हे हस्तांतरण झालं. विनापरवाना. देणाऱ्याचं वय?"

"साडेचार."

"घेणाऱ्याचं?"

"पाच."

त्यानं वही मिटली. "बाई, दोघी अठरा वर्षांच्या झाल्या की या."

"तोपर्यंत काही झालं तर?"

"झालं तर ताबडतोब या. तेव्हा दखलपात्र होईल."

बालवाडीत गेले. मेघालीचं दप्तर फक्त उघडून बघा, एवढंच मी मागत होते. बाई म्हणाल्या, दोन्हीकडच्या पालकांच्या सहीचा अर्ज आणा.

शेवटी मी दिपालीच्या दारात गेले. तीन वर्षांनी. ती जाळीच्या दारामागे उभी होती. हातात कणकेचा गोळा, कमरेला पदर खोचलेला. मेघाली कुठे दिसत नव्हती. मला खूप काही सांगायचं होतं, क्रमानं, नीट. पण आतून कपाट सरकल्यासारखा, नाहीतर पाट सरकल्यासारखा आवाज आला आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "दिपाली, मेघालीला सांभाळ! तिच्या जिवाला धोका आहे!"

वाक्य बाहेर पडलं तसं ते मला ओळखीचं वाटलं. दिपालीलाही वाटलं. तिच्या हातातली कणीक खाली पडली, आणि तिनं लाकडी दार लावून घेतलं. मी बाहेरून हाका मारत राहिले. जितक्या जोरात मारल्या, तितक्या आतून कड्या लागत गेल्या.

तासाभरानं हवालदार आमच्याकडे आला. त्याच्या हातात नवी एनसी होती आणि तिला तीन वर्षांपूर्वीचा माझ्या अक्षरातला कागद जोडलेला होता. कोपऱ्यात तेलाचा डाग.

"मजकूर शब्दशः जुळतो," तो आदरानं म्हणाला. "वैरात सातत्य आहे."

फिर्यादीच्या फाटकापाशी, भिंतीपाशी किंवा फोनवर पुन्हा दिसणार नाही, असं हमीपत्र त्यानं माझ्याकडून लिहून घेतलं. मजकूर मीच लिहिला, सवय आहे. मी दारापाशी जे काही ओरडले, काडतुसाचं, पूजेचं, पोटातल्या घरांचं, ते सगळं त्यात 'अर्वाच्य' या एका शब्दात बसलं. भिंतीचं भोक भावेशनं सिमेंटनं बुजवलं. आता गोदूलाही मेघालीला काही विचारता येत नाही. 'धोका अद्याप कायम असल्याबाबत' दोन्ही घरांचे कागद पूर्ण झाले आहेत. कारकुनांनी ह्यांना फोन करून अभिनंदन केलं. चावी मी आता ब्लाउजमध्ये ठेवते. पण ती आमची चावी. पलीकडची कुठे असते, ते एका पाच वर्षांच्या मुलीला माहीत आहे.

ठकुआत्याला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "काम मिळालं मंग तिला."

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेरची गोदामं संपता संपता दोन सारखे बंगले लागतात, मध्ये गरजेपेक्षा उंच भिंत. डावीकडच्या बंगल्याचं दार वाजवा. तुमच्या नावावर तिथे एकही एनसी नाही, तुमचं ऐकतील. मी पाठवलं असं सांगू नका. मेघाली कुठे आहे, एवढं विचारा, आणि ती समोर दिसेपर्यंत निघू नका.

तुम्हाला हसू येत असेल तर हसा. मीही हसले होते. फक्त मिक्सर बंद करून निघा.