अक्काची गोळी आणि भय्यासाहेबांचा काटा

"औषध काम करत नाही, असं कधी होतच नाही," भय्यासाहेब म्हणाले. "औषध बिचारं मुकाट्याने काम करतं. गडबड करतात ती माणसं. आणि गडबड करणारा माणूस माझ्या तावडीतून आजवर सुटलेला नाही."

यातला शेवटचा भाग खरा होता. भय्यासाहेब नापतौल विभागात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी उज्जैनच्या बाजारातले तराजू तपासले. पासंग लावलेला काटा ते दुकानाच्या पायरीवरूनच ओळखत. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी भाजी घेताना ते अशा नजरेने बघत की भाजीवाला आपणहून एक बटाटा जास्तीचा टाकी आणि वर "राम राम साहब" म्हणे.

आता त्यांची नजर वळली होती अक्काच्या गोळीकडे.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय बहात्तर. यजमान गेल्यापासून भावाकडेच असायची. तिला दागिन्यांचा सोस नाही, तीर्थयात्रेचा नाही. सोस एकच, कीर्तनाचा. राममंदिरात पहिल्या रांगेत, तबल्याच्या डाव्या हाताला तिची लाल सतरंजी अंथरलेली असे. तीस वर्षं ती जागा कोणी घेतली नव्हती. बुवा पद उचलायच्या आधी अक्काच्या हातातली झांज उचलली जाई. नवे कीर्तनकार तर म्हणत, "आधी अक्कांकडे बघायचं. त्यांची मान डोलली की समजायचं, देवापर्यंत पोचलं."

तीच मान गेल्या वर्षभरात वेगळ्याच कारणाने डोलू लागली. अक्काला झोप यायची. भाजी निवडता निवडता यायची, फोनवर बोलता बोलता यायची. डॉक्टर निहारिकांनी रक्त तपासलं, थायरॉइड निघालं. रोज सकाळी उपाशी पोटी एक गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा जिथल्या तिथे. गोळी वाढवली. पुन्हा तेच. पुन्हा वाढवली. गोळी मोठी होत गेली आणि झोप तिच्याहून मोठी.

दत्तजयंतीला तर कहर झाला. बुवा अनसूयेच्या सत्त्वपरीक्षेपर्यंत आले होते. मंदिरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले. आणि पहिल्या रांगेतून एक घोरणं निघालं, असं ठसठशीत की तबलजीने ती सम समजून थाप दिली.

दुसऱ्या दिवशी मंदिराच्या समितीने फार प्रेमाने सुचवलं, "अक्का, मागे चपलांच्या रॅकजवळ खुर्ची ठेवलीये. टेकायला भिंतपण आहे."

घरी येऊन अक्काने लाल सतरंजी झटकली, घडी केली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. भय्यासाहेबांना ते बघवलं नाही.

"रामनवमीच्या कीर्तनाला मृण्मयी येतेय," अक्का हळूच म्हणाली. "लहानपणी याच मंदिरात फ्रॉक घालून पहिलं पद म्हणायला उभी राहिली, तेव्हा घाबरून थरथरत होती. मी झांज धरली म्हणून गायली. आता नऊ दिवस तिचं कीर्तन आहे. तिने पहिल्या रांगेत बघावं आणि मी चपलांजवळ घोरत असावं? नऊ दिवस जागं राहायचंय रे भय्या, एवढंच. पुढे झोपायचंच आहे."

तेव्हा भय्यासाहेबांनी वरची प्रतिज्ञा केली होती.

"बाबा, डॉक्टरांनाच सरळ विचारू या ना," सून ऋता म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरात मत मांडायची. घरात यश कमी.

"डॉक्टर शेवटी. आधी माल तपासायचा," भय्यासाहेब म्हणाले.

सराफ्यातल्या एका ओळखीच्या सोनाराकडून त्यांनी नाजूक काटा मागून आणला आणि फ्रीगंजमधल्या औषधाच्या दुकानात जाऊन थेट काउंटरवर मांडला. थंडीचे दिवस, दुकानात ही गर्दी. अक्काच्या गोळ्यांची नवी पट्टी फोडून त्यांनी एकेक गोळी पारड्यात ठेवायला सुरुवात केली.

"बाबूजी, ये गोली है, केसर नहीं," दुकानदार म्हणाला.

"तौल तो तौल है," भय्यासाहेब म्हणाले. "कृपया कोई खांसे नहीं. काटा हिलता है."

आता औषधाच्या दुकानात, जानेवारीत, रांगेतल्या माणसांनी खोकायचं नाही म्हणजे महाकालाच्या दारात जयजयकार करायचा नाही. लोकांनी दोन मिनिटं श्वास रोखून धरला. मग एका सरदारजींना राहवलं नाही. त्यांचा खोकला आला तो वादळासारखा. पारडं उलटलं, अक्काच्या गोळ्या काउंटरभर पसरल्या आणि कुणाच्या तरी मोजायला काढलेल्या डायबेटिसच्या गोळ्यांत जाऊन मिसळल्या. दिसायला सगळ्या सारख्या, पांढऱ्या, गोल.

"अब पहचानिए आपकी कौनसी," दुकानदार म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

दोन्ही औषधं भय्यासाहेबांना नव्याने घ्यावी लागली. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "जेवढ्या तोलल्या, तेवढ्या सारख्या भरल्या. दुकानदार साफ आहे. गडबड रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे."

"कशावरून?" ऋताने विचारलं.

"दुकान साफ आहे, त्यावरून."

लॅबची परीक्षा घ्यायची युक्ती भय्यासाहेबांना देवघरात सुचली, म्हणून ती त्यांना जरा पवित्रही वाटली. लॅबचा माणूस अक्काचं रक्त घ्यायला घरी आला तेव्हा अक्का झोपली होती. भय्यासाहेबांनी आपली बाही वर सरकवली. त्यांना थायरॉइड नव्हतं. तरी रिपोर्ट खराब आला, की लॅब पकडली! त्या माणसाच्या कानात फोन होता. त्याने कागदावर बघितलं: स्त्री, वय बहात्तर. मग भय्यासाहेबांच्या झुपकेदार मिशांकडे बघितलं. "उमर के साथ हो जाता है, अम्माजी," असं काहीसं पुटपुटला आणि सुई टोचली.

रिपोर्ट आला. उत्तम. आकडा जिथे हवा तिथे.

म्हणजे लॅबही साफ. भय्यासाहेब खट्टू झाले. पण ते कुणाला काही सांगायच्या आत रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या फोनवर गेला होता आणि डॉक्टरांचा फोन ऋताला आला होता. "अक्कांचं अभिनंदन. औषध लागू पडलं. एवढा मोठा डोस आता नको, निम्मा करू."

घरात आनंदीआनंद. अक्काने कपाटातली सतरंजी काढायला लावली, पेढे आणवले आणि शेजारीपाजारी स्वतः वाटायला निघाली. तिसऱ्या घरी ती पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर टेकली आणि तिथेच गाढ झोपली. शेजारणीने तिच्या अंगावर शाल घातली आणि ऋताला फोन केला.

ऋता परत आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"बाबा. अक्का म्हणतात, त्यांना कुणी सुई टोचलीच नाही. हे रक्त कोणाचं?"

तेहतीस वर्षांत हजार दुकानदारांनी भय्यासाहेबांसमोर जशी नजर खाली घातली होती, तशी आज त्यांची स्वतःची खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात डॉक्टर निहारिकांकडे. डॉक्टर इंदूरच्या मराठी घरातल्या, आवाज मऊ. पण मिशांची हकिगत ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, तुमच्या रक्तावर मी अक्कांचं औषध निम्मं केलं. काही भलतं झालं असतं तर? औषध लागू पडत नाही असं वाटलं, की पेशंटने एकच करायचं. स्वतः डोस बदलायचा नाही, बंद करायचं नाही, तपास करायचा नाही. इथे यायचं आणि सगळं खरं सांगायचं."

"चुकलं," भय्यासाहेब म्हणाले. "पण गोळीत आमची चूक नाही. रोज, वेळेवर, उपाशी पोटी. मी स्वतःच्या हाताने देतो. एक दिवस चुकलेला नाही."

"ते मागेही सांगितलंत. आता अक्का सांगतील. अक्का, उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा."

"यात काय सांगायचं," भय्यासाहेब म्हणाले.

"काका, तुम्ही नाही."

अक्का सावरून बसली. "साडेपाचला उठते. आंघोळ. मग भय्याची पूजा. रामरायाला पंचामृताचा अभिषेक असतो. तो झाला की भय्या माझ्या तळहातावर गोळी ठेवतो आणि वर तीर्थ देतो. तीर्थाबरोबर गोळी गिळते."

"पंचामृताचं तीर्थ?" डॉक्टरांनी विचारलं. "पळीभर?"

"पळीने कुठली गोळी उतरते? वाटीभर देतो. गोड असतं, छान उतरते."

डॉक्टरांनी बोटांवर मोजायला घेतलं.

"दूध," डॉक्टर हळूहळू म्हणाल्या. "दही. तूप. मध. साखर. वाटीभर. आणि त्यात थायरॉइडची गोळी."

"पण पोट तर उपाशीच होतं," भय्यासाहेब म्हणाले. "आणि तीर्थ सगळ्या व्याधी घालवतं असा मंत्रच आहे. मी तो म्हणून देतो, मोठ्याने."

"काका, तीर्थावर माझं काही म्हणणं नाही. पण दुधाबरोबर ही गोळी अंगाला नीट लागत नाही. अर्धीमुर्धी वायाच जाते. वर्षभर मी डोस वाढवतेय आणि तुम्ही तो रोज दुधात बुडवताय." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "गोळी साध्या पाण्याबरोबर. पुढे तासभर काही नाही. तीर्थ त्यानंतर. डोस मी ठरवते, सहा आठवड्यांनी रक्त बघू. अक्कांचं."

"पण पूजेआधी तोंडात काही घालायचं म्हणजे..." भय्यासाहेब अक्काकडे वळले. "अक्काला ते चालणार नाही."

"मला?" अक्का म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी पाणी घेऊन बसले होते. औषधाला कसलं सोवळं? पूजेआधी नको, असं तूच म्हणालास. मी म्हटलं, जाऊ दे, पूजा तो करतो, त्याचं मन कशाला मोडा."

ऋताने तोंडावर रुमाल धरला. परतताना रिक्षात अक्का तेवढं एकच म्हणाली, "गडबड करणारा माणूस शेवटी सापडला हं, भय्या."

त्या दिवसापासून गोळी पहाटे, साध्या पाण्याबरोबर. तीर्थ तासाने, पळीभर. पहिल्या महिन्यात फार फरक दिसला नाही आणि भय्यासाहेबांची नजर पुन्हा लॅबकडे वळू लागली होती. मग एका दुपारी अक्का भाजी निवडताना गुणगुणताना दिसली. मटारची अख्खी परात संपेपर्यंत गुणगुणत होती.

चैत्र पाडव्याला लाल सतरंजी तबल्याच्या डाव्या हाताला पुन्हा अंथरली गेली. चपलांजवळची खुर्ची समितीने उचलून ठेवली. मृण्मयीताई कीर्तनाला उभी राहिली, तिने आधी अक्काकडे बघितलं, अक्काने झांज उचलली आणि रामरायाच्या कृपेने पुढचे आठ दिवस ती झांज एकदाही खाली पडली नाही.

नवमीला रामजन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला गेला. संध्याकाळच्या कीर्तनात मृण्मयीताईने भोळ्या भक्तीवर निरूपण लावलं. "एका नगरीत एक सज्जन होते," ती म्हणाली. "लोकांची मापं तपासायचे. मोठे भाविक. घरात आजारपण आलं तर म्हणाले, वैद्याने औषध दिलं, आता त्याला देवाचाही हातभार लावू..."

गोष्ट पुढे सरकली तशी माणसं हसू लागली. सगळ्यांत मोठ्याने भय्यासाहेब. सज्जनांनी औषध वाटीभर पंचामृतात सोडलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि शेजारच्याला म्हणाले, "काय पण एकेक माणसं असतात बघा."

शेजारच्याने त्यांच्याकडे बघितलं. मग पुढच्या रांगेने वळून बघितलं. बायकांच्या बाजूला ऋता रुमालात तोंड खुपसून हलत होती. भय्यासाहेबांचं हसू हळूहळू मिशांत शिरलं आणि तिथेच लपलं.

आरती झाली. गर्दीतून वाट काढत ते अक्काजवळ आले. ती सतरंजीची घडी करत होती. चेहरा असा ताजातवाना की शिप्रेत बुडी मारून आली असावी.

"अक्का," ते दबक्या आवाजात म्हणाले, "मृण्मयीला हे तू सांगितलंस?"

"कुठली गोष्ट रे?" अक्का म्हणाली. "मी नाही ऐकली बाई. मला कीर्तनात झोप लागते ना."