प्रणोतीचे विषय

पालकसभेत नववीच्या प्रत्येक मुलाने उभं राहून या वर्षी कोणत्या विषयात काय शिकलो ते सांगायचं, असं शर्मिला मॅडमनी जाहीर केलं, आणि अवंतिका घाबरली. बोलायची तिला भीती नव्हती. तिच्या पाठोपाठ प्रणोती बोलणार होती, ही खरी भीती होती.

दोघींचे बाबा खमरियाच्या सरकारी कारखान्यात, आणि शाळा हिंदी माध्यमाची. क्वार्टर शेजारी-शेजारी, मागच्या अंगणात मधे एक बुटकी भिंत. प्रणोतीला सगळेच विषय यायचे. एखादाच आला असता तर अवंतिकाने माफ केलं असतं. पण ही गणितात पहिली, संस्कृतात पहिली, आणि चित्रकलेत हत्ती काढला तर तो हत्तीसारखा दिसायचा.

अवंतिका अंगणातल्या पायरीवर विचार करत बसली. गणितात आपण काय शिकलो? सरांच्या नजरेला नजर दिली नाही तर ते दुसऱ्याला फळ्याजवळ बोलावतात, हे. भूगोलात? नकाशात नर्मदा ठळक काढली की सर खूश होतात, मग प्रश्न महानदीचा का असेना. विज्ञानात, आधी उत्तर पाहावं आणि मग प्रयोग करावा. संस्कृतात काही सुचेना. हे सगळं अगदी खरं होतं, पण आईबाबांसमोर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. प्रणोती कपडे वाळत घालता घालता भाषणाची तयारी करत होती.

"गणित में मैं हर प्रमेय पहले खुद सिद्ध करके देखती हूँ. विज्ञान पढ़कर मैंने रसोई के कचरे से खाद बनाई. संस्कृत का रोज़ एक श्लोक याद करती हूँ."

"पुन्हा पहिल्यापासून म्हण," आतून तिची आई, प्रमोदिनीकाकू, ओरडल्या. "आवाज काहून पडून राहिला तुझा?"

चादरी आणि उशांचे अभ्रे संपेपर्यंत अवंतिकाला ते सगळं पाठ झालं. वर्षभरात तिने इतकं मन लावून काहीच ऐकलं नव्हतं.

चोरी करायचा तिचा विचार नव्हता. सभेत ती उभी राहिली तेव्हा "मुझे सभी विषय अच्छे लगते हैं" इथपर्यंत ती प्रामाणिक होती. मग तिचं लक्ष प्रणोतीकडे गेलं. कडक इस्त्री, दोन वेण्या, आणि मांडीवर शांत ठेवलेले हात. ते शांत हात काही तिला बघवले नाहीत. एकच वाक्य घेऊ, असं म्हणून तिने प्रमेय घेतलं. पण त्या प्रमेयामागून खत आलं, खतामागून श्लोक आला, आणि काकूंनी जिथे जिथे आवाज चढवायला लावला होता तिथे तिथे अवंतिकाचा आवाज आपोआप चढला.

टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावर तिची आई, प्रतिमा, बाबांना म्हणाली, "खत? आपल्या घरी? ही कधी करून राहिली होती हे?"

"मी ड्यूटीवर असताना केलं असेल," बाबा अभिमानाने म्हणाले.

मग प्रणोतीची पाळी आली. ती उभी राहिली. तिने एकदा अवंतिकाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मेरा भी वही है, मैडम."

वर्ग हसला. गणिताचे सर म्हणाले, "दूसरे का सुनकर नहीं बोलते, बेटा." प्रमोदिनीकाकूंचा चेहरा उतरला. अवंतिकाला वाटलं होतं, या क्षणी फार आनंद होईल. झालाही, पण जेमतेम प्रणोती खाली बसेपर्यंत.

आणि मग मास्तरमंडळी जागी झाली. प्रमेय स्वतः सोडवणारी मुलगी सापडली म्हणून सरांनी तिला रविवारच्या ऑलिम्पियाड क्लासमध्ये घातलं. संस्कृतच्या मॅडमनी श्लोकपठणाच्या स्पर्धेत नाव दिलं. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "कल खाद लेकर आना. पूरी क्लास देखेगी."

सायकल स्टँडपाशी अवंतिकाने प्रणोतीला गाठलं.

"रागावलीस ना?"

"रागावले होते," प्रणोती म्हणाली. "मग सरांनी ऑलिम्पियाडला तुझं नाव लिहिलं, तेव्हा नाही रागावले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रविवारी झोपू शकते. आई म्हणाली, आता तुझं तू बघ, मी काही सांगणार नाही. अशी कधी बोलली नव्हती ती." आणि सायकलवर बसत तिने विचारलं, "खताची बादली पाहिजे ना तुला?"

संध्याकाळी भिंतीवरून बादली आली. "ठेवून घे. रोज काठीने हलव," प्रणोती म्हणाली. "नाही हलवलं तर वास येते. हलवलं तरी येते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती बादली मोटरसायकलवर शाळेत पोचवली. वाटेत कारखान्याच्या बसमधल्या माणसांनी एकेक करून खिडक्या लावून घेतल्या. बादली पाहून मॅडम खूश झाल्या आणि वर्षभर प्रयोग चालू ठेवायला सांगून त्यांनी ती परत पाठवली. "मुलगी हुशार निघाली," आई नाकाला पदर लावून शेजारपाजारी सांगू लागली.

तेव्हापासून अवंतिका पहाटे श्लोक म्हणायची, रविवारी प्रमेयांशी झटायची आणि संध्याकाळी अंगणात काठी घेऊन उभी राहायची. एकदा काकुळतीला येऊन ती भिंतीपाशी गेली.

"प्रणोती, एखादा विषय परत घे ना. संस्कृत तरी."

"नको गं. मी बॅडमिंटन शिकून राहिले. चलो, उशीर होतो मला."

अंगणापलीकडच्या मैदानावर प्रणोती खेळू लागली. सुरुवातीला तिचं फूल दर वेळी निंबाच्या झाडात अडकायचं, आणि अवंतिकाची काठी बादलीत आनंदाने फिरायची. पण महिना उलटला तसं ते झाडात जाईना. एका संध्याकाळी प्रणोतीने उडी मारून असा फटका हाणला की बाकावर बसलेल्या एका काकांनी मान डोलावली.

अवंतिकाचा हात थांबला. बराच वेळ ती त्या मैदानाकडे पाहत राहिली. मग काठी बादलीत तशीच सोडून घरात गेली.

"बाबा, मला रॅकेट घेऊन द्या ना."

"अच्छा," बाबा म्हणाले. "खेळायची आवड कधीपासून लागली तुला?"

"आत्तापासून," ती म्हणाली.