कर्णिककाकांचा निळा घुमट

कर्णिककाका कुणाच्याही घरी गेले की चहाआधी बाथरूम बघतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार केला, चपला काढल्या आणि थेट आत. बराच वेळ बाहेर येईनात म्हणून बायको काळजीत पडली. मी दार ठोठावलं, तर गृहस्थ भिंतीवर हात फिरवत उभे! "टाइल्स गुळगुळीत आहेत रे, पण जीव नाही," असं म्हणून बाहेर आले आणि त्यांनी पोह्यांची बशी उचलली.

काका मुंबईच्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत. २०११च्या भूकंपानंतर तोक्योजवळच्या आमच्या ग्योतोकुतली बरीच भारतीय कुटुंबं सामान बांधून निघाली, तेव्हा हा माणूस बायको आणि चिमुकल्या मुलीला घेऊन इथे उतरला आणि मुदतवाढ घेत घेत आमच्याच इमारतीत राहिला. दिवसा बँक, आणि उरलेला वेळ इराणवर राज्य करणाऱ्या मंगोलांसाठी.

"अरे नीलेश, घोड्यावरून आले, शहरंच्या शहरं उद्ध्वस्त केली, आणि पुढे काय केलं? इराणी गवंडी बोलावला! म्हणाले, बाबा, आम्हाला तंबू ठोकता येतो, घुमट तू बांध." मग त्या राजांनी इराणी चित्रकार कसे पोसले, इराणातल्या सुलतानिया शहरात आठ कोनी इमारतीवर निळा घुमट कसा चढवला, राजवाड्याच्या टाइल्सवर फारसी कवितेशेजारी पूर्वेकडचा ड्रॅगन कसा सुखाने नांदतो, हे सगळं ओघाने यायचं. शेवटी बोट उंचावून प्रश्न, "मग सांग, जिंकलं कोण?" तुम्ही कुणाचंही नाव घ्या, काका "चूक!" म्हणणार.

गंमत अशी, की परक्यांच्या भाषेला दरबारात बसवणाऱ्या राजांचं एवढं कौतुक, पण काकांचं स्वतःचं जपानी 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा'च्या पुढे गेलं नव्हतं. ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी. मुलगी रेवती मात्र जपानी शाळेत वाढलेली. बाप मराठीत विचारणार, लेक जपानीत उत्तर देणार आणि बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या दुकानात काम करून जपानी शिकलेल्या काकू अर्थ सांगणार. मोठी झाली तशी रेवतीची उत्तरंही कमी झाली. काका ते हसण्यावारी न्यायचे.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर काकांकडे आलं. "सुलतानियाचा घुमट!" त्यांनी जाहीर केलं.

"गणपतीला?"

"चौसष्ट कलांचा मालक तो. त्याला काय परकं?"

इथे दुधाचे रिकामे खोके धुऊन, कापून, वाळवून, दोरीने बांधून ठरलेल्या दिवशी रद्दी कागदाबरोबर कोपऱ्यावर ठेवायचे असतात. काकांनी सबंध इमारतीचे खोके मागून आणले. रोज ऑफिसातून आले की घुमटाच्या टाइल्स म्हणून त्यांतून चांदण्या कापायच्या, निळ्या रंगवायच्या, वर सोनेरी नक्षी. "तू काढतेस एखादी?" ते रेवतीला विचारत. ती मान हलवून खोलीत जाई, आणि काका उगाचच ब्रश धुवायला उठत.

गणपती बसायच्या सकाळी त्यांनी सगळ्या चांदण्यांचे गठ्ठे केले. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून रंगीत बाजू आत. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, नियमाप्रमाणे पांढरी दोरी फुलीसारखी बांधून गठ्ठे जिन्याखाली ठेवले. मग ते हॉलवर न्यायला गाडी आणायला गेले. नेमका तो कागदाचा दिवस! कुणा शिस्तप्रिय शेजाऱ्याने ते गठ्ठे कर्तव्य समजून कोपऱ्यावर नेऊन ठेवले आणि कचऱ्याची गाडी ते घेऊन गेली.

काका फुटपाथवरच बसले. तोंडून मंगोलसुद्धा निघेना. मूर्ती यायला दोन-तीन तास उरले होते.

रेवती खाली आली. तिने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि फोन काढला. महापालिकेच्या ऑफिसशी ती असं काही अदबशीर जपानी बोलू लागली, की जपानी कंपनीत रोज वाकून बोलणारा मीही थक्क झालो. माफी, विनंती, पुन्हा माफी, पण माघार नाही. अखेर निरोप थेट ड्रायव्हरपर्यंत पोचला. तिने फोन ठेवला, सायकलवर टांग टाकली, आणि आम्ही गाडीतून तिच्या मागे.

दोन गल्ल्या पलीकडे कचऱ्याची गाडी थांबली होती. काहीही चूक नसताना दोघं कर्मचारी टोप्या काढून माफी मागत होते. काका वाकले, ते आणखी वाकले, काका त्याहून वाकले. शेवटी रेवतीनेच मध्ये पडून हा प्रकार थांबवला.

भाड्याच्या हॉलमध्ये घुमट उभा राहिला! आणि असा राहिला, की 'मोरया'चा गजर ऐकून शेजारच्या खोलीतला पुष्परचनेचा अख्खा वर्ग बघायला आला. जपानी आजीबाई फोटो काढताना थकेनात. एवढी वाहवा आमच्या मंडळाने कधी ऐकली नव्हती.

काका मात्र मागच्या खुर्चीवर एकटेच होते.

"नीलेश, सकाळी ती फोनवर काय म्हणत होती रे?"

मी सांगितलं. "म्हणाली, माझ्या बाबांनी थकून घरी आल्यावर रोज बसून केलंय हे. इथे त्यांना फारसं कुणाशी बोलता येत नाही. हे करताना ते खूश असतात. कृपा करून परत द्या."

काकांचे डोळे भरून आले. चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटायचं, पोरगी हातची गेली. अरे, ती इथेच होती की. मीच लांब बसलो होतो." मग हळूच, "रविवारी तासभर देशील? पहिल्या अक्षरापासून शिकव. तिला सांगू नकोस मात्र."

समोर रेवती आजीबाईंना जपानीत घुमटाची सगळी कहाणी सांगत होती, अगदी तंबूपासून. काका उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि मध्ये एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकत राहिले.