दाजी, तुम्हीच मारा

सोमवारी सकाळी कॅन्टीनच्या फळ्यावरची भाज्यांची नावं पुसून कोचनी पुन्हा बाण काढायला घेतले. पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणं हे त्यांचं पगाराचं काम. कारखान्याच्या फुटबॉल टीमचा कोच असणं हा जिवाला लावून घेतलेला घोर. हंगाम संपत आला तरी टीमला एक गोल मारता आला नव्हता. जे झाले ते सगळे आपल्याच जाळ्यात. मॅनेजरसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "निदान एक गोल दाखवा. नाहीतर टीम बंद. मैदानावर गोदाम बांधून टाकतो."

"आपला खेळ आक्रमक आहे," कोच फळ्यालाच सांगत होते, कारण टीम नाश्त्यात गुंतली होती. "उजवीकडून वेल्डर पळणार. मधे पेंटर मोकळा. वेल्डरचा पास, पेंटरची लाथ, बॉल आत. यात चुकतंय कुठे?"

"चुकत काहीच नाही," गोलकीपर म्हणाला. तो फिटर होता. "नुसतं होत नाही."

होत नव्हतं हे खरंच. कालच्याच मॅचमध्ये वेल्डर सगळ्यांना चकवत थेट कोपऱ्यापर्यंत गेला, समोर मोकळ्या उभ्या पेंटरकडे त्याने नीट बघितलं आणि बॉल मैदानाबाहेर मारला. कोचनी नवे बूट आणून पाहिले, सकाळी सगळ्यांना पळवून पाहिलं, बाणांचे रंग बदलून पाहिले. रात्री जेवण जाईना.

त्या संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, पण तो पास देणार कसा? त्यांचं बोलणं बंद आहे ना!"

"कुणाचं?"

"वेल्डरचं आणि पेंटरचं. पेंटरची बायको वेल्डरची सख्खी बहीण. त्याने तिला हौसेने लोखंडी फाटक करून दिलं, आणि पेंटर शेजारपाजाऱ्यांसमोर म्हणाला, उघडताना किंचाळतं. तेव्हापासून अबोला. अख्ख्या कारखान्याला माहितीय."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही बाण काढत होता."

कोच मटकन खाली बसले. त्यांचा सगळा हल्ला एका फाटकात अडकला होता. मग त्यांच्या डोक्यात आलं की फाटकाला ऑइल घातलं तर किंचाळणं थांबेल, ते थांबलं तर अबोला सुटेल, अबोला सुटला तर पास मिळेल. बाणांपेक्षा हे सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते ऑइलची बुधली आणि पहार घेऊन पेंटरच्या घरी गेले. भरपूर ऑइल घातलं. फाटक किंचाळलंच. पहारीने थोडं उचलून बिजागरीच्या आत ऑइल सोडावं म्हणून त्यांनी जोर लावला. फाटक निखळलं आणि दारातल्या स्कूटरवर आडवं झालं.

आवाज ऐकून जेवायला घरी आलेला पेंटर हात न धुताच बाहेर धावला.

"आता किंचाळत नाही," कोच म्हणाले. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी वेल्डरपाशी पोचली, ती अशी की दाजींनी कोचला घरी बोलावून फाटक उपटून घेतलं. फिटर वेगळाच पेटला. "बिजागऱ्या मी बसवल्या होत्या. म्हणजे खोट माझ्या कामात?" पुढच्या मॅचला वेल्डिंगवाले पेंटिंगवाल्यांना पास देईनात, पेंटिंगवाले कुणालाच देईनात, आणि फिटर गोलात उभा राहून बॉल सरळ विरोधकांकडे फेकू लागला. "ते तरी माझ्याशी नीट बोलतात," तो म्हणाला.

शेवटची मॅच तेवढी उरली. कोच स्टोअरमध्ये पंपाच्या खोक्यावर बसून राहिले. आयुष्यात आपल्याला एकच गोष्ट मनापासून आवडली आणि तीच आपल्याला जमत नाही, असं त्यांना वाटून गेलं. घरी जाताना वाट वाकडी करून ते पेंटरच्या बायकोची माफी मागायला गेले.

"भाऊजी, तुम्ही आता कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "इतके दिवस माझा भाऊ मला भेटायला यायचा आणि फाटकाबाहेर उभा राहून बोलून जायचा. आता फाटकच नाही. त्याला म्हणाले, आता अडतोयस कशाला? आत ये."

तो आत आला होता. दाजींनी फाटक धरलं, त्याने वेल्डिंग केलं, आणि ताईने दोघांना एका ताटात वाढलं. दोघंही रडले म्हणे. फिटरला बिजागऱ्या बसवायला मानाने बोलावलं, तेव्हा तोही रडला.

शेवटच्या मॅचला मॅनेजरसाहेब स्वतः खुर्ची टाकून बसले. टीम नेहमीसारखी हरतच होती. पण शेवटी शेवटी वेल्डर उजवीकडून सुटला, कोपऱ्यात पोचला, आणि त्याने चक्क पास दिला! विरोधकांचा गोलकीपर घसरून पडलेला, जाळं उघडं, समोर पेंटर. कोच रेषेपर्यंत धावले.

पेंटरने बॉल पायाखाली थांबवला. "मेहुणे, तुम्ही मारा. पळालात तुम्ही." त्याने बॉल हळूच परत सरकवला.

"छे छे, दाजी! तुमच्याआधी मी? ताई काय म्हणेल?" बॉल पुन्हा पेंटरकडे.

"अहो, लाजता काय? मारा!"

"नाही नाही, दाजी, तुम्हीच मारा."

"कुणीही मारा रे!" कोच रेषेवरून ओरडले. त्यांचा आवाज चिरकला.

हा सोहळा बघून विरोधकांचा एक डिफेंडर वैतागला. "काय चाललंय काय!" म्हणत तो मधे घुसला आणि बॉल लांब भिरकावायला त्याने सणसणीत लाथ मारली. बॉल खांबाला लागला आणि त्यांच्याच जाळ्यात शिरला.

मॅनेजरसाहेब उठून टाळ्या वाजवू लागले. "गोल तो गोल! टीम चालू राहील. आणि कोच, पुढच्या वर्षीही हीच पद्धत ठेवा."

"ही?" कोचनी क्षीण आवाजात विचारलं.

"हीच."

घरी आल्यावर बायकोने पाणी दिलं. "झाला का गोल?"

"झाला."

"कुणी मारला?"

"त्यांच्याच माणसाने."

"मग त्यालाच घ्या ना आपल्या टीममध्ये."

"विचारलं मी," कोच ग्लासाकडे बघत म्हणाले. "नाही म्हणाला. म्हणाला, तुमच्याकडे सगळे मारा मारा म्हणतात, मारत कुणी नाही."