उजवी नाकपुडी, उजवा कान

भाताच्या झोडणीत महिपतीचं नाक जे बंद झालं, ते दिवाळी उलटली तरी उघडेना. पेणच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला. महिपतीने मान मागे टाकून तो मारला आणि चिलीम ओढावी तसा श्वास खेचला. औषध सरळ घशात उतरलं. कडू लागलं म्हणजे लागू पडलं, या समजुतीने त्याने अख्खी बाटली अशीच गिळली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. औषध नाकात आतल्या बाजूंना पसरलं पाहिजे, पोटात त्याचं काही काम नाही, असं सांगून त्यांनी रीत शिकवली. मान खाली, बाटली डाव्या हातात, नळीचं तोंड उजव्या नाकपुडीतून उजव्या कानाच्या दिशेला, श्वास हलकेच. दुसऱ्या नाकपुडीला हेच उलट. दिशा चुकू नये म्हणून महिपतीने वर आपली युक्ती लढवली. ज्या बाजूला फवारा, त्या बाजूचा कान तो मोकळ्या हाताने धरून ठेवू लागला.

त्याच आठवड्यात रोह्याला जायचं निघालं. त्याचा मुलगा पुंडलिक आणि रोह्याची शकू धाटावला एकाच कंपनीत होती आणि लग्न करीन तर हिच्याशीच, असं पुंडलिक म्हणत होता. अडचण एकच होती. शकूचे वडील कमळाकर यांना महिपतीने मागे भर पंगतीत 'बोका' म्हटलं होतं. आधी माफी, मग बोलणी, असा कमळाकरांचा निरोप होता. महिपती म्हणे, मान मोडेल पण वाकणार नाय.

गावाहून, गडबपासून रोह्यापर्यंत बायको बायजा त्याला समजावत होती; पुंडलिकही बरोबर होता. कमळाकरांच्या अंगणात पोचेपर्यंत त्याचं नाक ठार बंद झालं. आधी दवा मारतो, मग बघू, म्हणून त्याने तिथेच मान खाली घातली, उजवा कान धरला आणि फवारा मारला. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कमळाकर दार उघडून बाहेर आले. मुठीतली इवलीशी बाटली त्यांना दिसलीच नाही.

ते पायरीवरच थबकले. "अवो, कान कशाला धरताय? रागात बोलतो मानूस. मी पन तुमाला काय कमी बोललो नाय."

महिपती खुलासा करायला तोंड उघडणार, तोच बायजाने त्याच्या पायावर पाय दिला.

"त्यांना बोलवत नाय हो," ती कमळाकरांना म्हणाली.

महिपतीने ओल्या डोळ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुंडलिककडे. पोरगं श्वास रोखून उभं होतं. तशी डावी नाकपुडी राहिलीच होती. त्याने गुपचूप हात बदलला, मान आणखी खाली घातली आणि दुसरा कान धरला.

कमळाकरांना राहवेना. त्यांनी पायरी उतरून आपलेच दोन्ही कान धरले.