पडवीवाले भोजराज यांणी गोदामाचे सरकते दार चालते केले, त्या मोहिमेची हकीकत

खरे लिहिणारा कोणी न राहिला तर मंडईच्या जत्रेतल्या गप्पाच इतिहास म्हणोन खपतात, सबब शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरी, कार्तिक मासी, आमगाव परगण्यात जी मोहीम घडली ती पदरचे काही न घालिता लिहिली आहे.

राजमान्य राजश्री भोजराज, करवतजंग बहाद्दर, अमलदार घरामागील पडवी, यांणी पुठ्ठा आणि बांबूच्या कमच्या मिळवून राइस मिलच्या गोदामाची हातभर प्रतिकृती उभारिली, आणि तीस खऱ्या गोदामासारखे, वरच्या दांडीस लटकोन बाजूस सरकणारे दार करावे ऐसा पण केला. हंगाम धानाच्या मळणीचा होता. समस्त फौज, म्हणजे राजपत्नी अन्नपूर्णाबाई एकल्याच, खळ्यात राबत होती, आणि खासा स्वारी पडवीत बैसोन दाराची मसलत करीत होती. मग बाईंनी धान साठवावयाच्या ढोलीस जागा मागितली. ढोली बांबूची, पुरुषभर उंच. तीस पडवीच सोयीची. भोजराजांनी मोहिमेची सबब सांगितली, तेधवां फर्मान सुटले:

"काऊन जी, धान का तुमच्या डोक्स्यावर ठेवू? मंडईच्या दिवशी पाव्हण्यायसमोर दार सरकलं त पडवी तुमची. नाही सरकलं त गोदाम चुलीत अन् ढोली पडवीत!"

येणेप्रमाणे अवघे राज्य एका दारावर आले.

मग मोर्चे लागले. प्रथम बांबूच्या दांडीत दोऱ्याच्या कड्या ओवून दार लटकाविले, ते निम्मे सरकोन अडले, आणि बळ लाविता दांडीसकट हाती आले. शिकस्त खाऊनही धीर न सोडिता छत्रीची काडी मोडून रूळ केला, आणि लग्नातील सफारीच्या गुंड्या उसवून चाके केली. छत्री बाईंची होती हे राजांस मागाहून आठवले, आणि जो गहजब जाहला तो लिहिण्याची छाती या कलमास नाही. परंतु दार चालले. किरकिरत चालले. किरकीर बहाद्दरांच्या इभ्रतीस शोभेना, म्हणोन मोहाच्या टोरीचे, म्हणजे बियांचे, तेल रुळास आणि चाकांस मनमुराद पाजिले, आणि दुपारच्या उन्हात दार ऐसे धावले की राजे स्वतःवरच खूश होऊन गोदाम झाकोन निवांत जाहले.

टोरीचे तेल थंडीत थिजते, हे या मुलखातले शेंबडे पोरही जाणते. भोजराजही जाणत होते. फत्तेच्या धुंदीत विसरले.

मंडईची सकाळ धुक्याची आणि कडाक्याची निघाली. पाहुण्यांत बाईंचे बंधू नंदलाल, जिभेचे तिखट, अग्रभागी बैसले. राजांनी दारास बोट लाविले. दार हलेना. तेल तुपासारखे गोठोन चाके गिळोन बैसले होते.

"भाऊजी, गोदामाले सील ठोकलं का जी?" नंदलालांनी तोफ डागिली. "याले दार नोका म्हणू. भित म्हणा, भित!"

सभा खदखदली. बाई काड्यापेटी शोधू लागल्या. ते पाहोन भोजराजांनी भुईवर लोटांगण घातले, आणि रुळास तोंड लावोन ऊर फाटेतो वाफ सोडिली, आणि गाल फुगले, आणि डोळे पांढरे जाहले, आणि नंदलाल ओरडले, "अक्का, पाणी आण वं, मरून राहिला हा!" तरी वाफ थांबली नाही. मग तेलास घाम फुटला, एक गुंडी डुलली, आणि दार एका बोटासरशी सताड उघडले.

अन्नपूर्णाबाई शब्दाच्या पक्क्या. पडवी भोजराजांकडे कायम जाहली. आणि त्याच सांजेस ढोली आतल्या खोलीत, राजांच्या खाटेच्या जागी उभी राहिली.

"पडवी तुमचीच हाय," बाईंनी खाट बाहेर काढिता काढिता हुकूम वाचिला, "आता रहा तेथीच."

ऐसी मोहीम फत्ते होऊन करवतजंग बहाद्दर ऐन थंडीत, गोधडी लपेटोन, जिंकिल्या मुलखात कायमचे दाखल जाहले. विजयात काही उणे राहिले नाही. हे खरे म्हणोन नोंदिले असे.