मालनबाईंचं माप

सुलेखानं मापांचं रजिस्टर चुलीत घातलं, त्या दिवशी आंघोळीचं पाणी दोन बादल्या जास्त तापलं.

"गेली कटकट!" हर्सूलच्या आपल्या शिवणाच्या दुकानात जमलेल्या बायकांना तिनं ऐकवलं. "दोनशे अकरा जणींची मापं आता कॉम्प्युटरात! मापाला जुना ब्लाउज आणायचा नाही, स्वतः यायचं नाही, नुसता फोन करायचा. जन्मभराची सोय!"

"कुनाच्या जन्माची?" कोपऱ्यात काजं करत बसलेल्या तिच्या सासूबाईंनी, कडूबाईंनी विचारलं. सुलेखाला नेमकं तेव्हाच कमी ऐकू आलं.

याला पाच वर्षं झाली. आणि या बुधवारी पाचोडहून मालनबाईंचा फोन आला. मालनबाईंचं माहेर हर्सूलचं आणि जीभ कात्रीची.

"रविवारी लेकीचं लग्न हाय. पैठणीचा पीस गाडीवाल्यासंगं धाडलाय. पत्रिका वाटता वाटता माझा जीव चाललाय, शनिवारी येऊन घालूनच बघते. माप तुझ्याकडं हायेच. अन् सुलेखा, पीस एकच हाय बरं! कापलं ते कापलं."

"तुम्ही निवांत राहा!" सुलेखा म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

लॅपटॉपनं आधी गोल गोल फिरवून दाखवलं. मग पंखा असा घरघरला, की आता हा टेबलासकट उडतोय! शेवटी पाटी आली: हा प्रोग्राम आता या कॉम्प्युटरवर चालणार नाही. कृपया नवीन कॉम्प्युटर वापरा.

कृपया, म्हणे!

ताप आलेल्या बाळासारखा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून तिनं रिक्षानं शहागंज गाठलं. दुरुस्तीवाल्या अफजलनं त्याला उलटापालटा केला.

"भाभी, मशीन बुढ्ढी हो गई."

"बुढ्ढी? पाचच वर्षं झालीत!"

"पाच साल में तो इनके पोते हो जाते."

"अरे, माझ्या घरी सासूच्या लग्नातली शिलाई मशीन आहे, बावन्न वर्षांची! दोन थेंब तेल टाकलं की पळते. ह्या कापडावर मी चालणार नाही, असं तिनं एकदा तरी म्हटलंय का?"

"तो उसी में मापां रखना था ना!"

"नवा घेतला तर मापं दिसतील?"

"नया, पुराने की फाइल नहीं खोलता."

"मग जुन्यावर?"

"पुराना चलता कां है, भाभी?"

सुलेखानं टॉवेल गुंडाळला.

मापं गेली हे कबूल करायचं म्हणजे साऱ्या पाचोडात शोभा. म्हणून तिनं हुशारीनं फोन केला. "मालनबाई, सहज विचारते. अंगानं कशा आहात? थोड्या भरलात का?"

पलीकडं एकदम बार उडाला. "कुनी सांगितलं तुला? भागूनंच ना? जावेला माझं बघवतच नाय!"

फोन आपटला. तासाभरात बातमी आली, की दोघी जावांचं भांडण झालं आणि भागूबाईंनी हळदीला पाय ठेवणार नाही म्हणून जाहीर केलं. इकडं पैठणीचा पीस येऊन टेबलावर पडला होता, आणि सुलेखा त्याच्याकडं विंचवाकडं बघावं तशी बघत होती. तिच्या एका हुशारीनं लग्नघर फुटलं होतं. आता कात्री चुकली, की दुकानही गेलं!

"आत्याबाई," शेवटी ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मालनबाईंचं माप गेलं हो."

कडूबाईंनी बटणांचा डबा उपडा केला. आतून गाठी मारलेल्या दोऱ्यांचा गुंता निघाला, प्रत्येकाच्या टोकाला एक चिंधी. त्यांनी गुलाबी चिंधीचा दोरा ओढला.

"ही मालन. पैली गाठ खांदा, दुसरी छाती, तिसरी दंड. तिच्या लग्नात समद्या वऱ्हाडनींचे ब्लाउज म्याच शिवले व्हते."

"त्याला सत्तावीस वर्षं झाली! बाई तेवढीच राहिली असेल का?"

"तू ते अपडेट का काय म्हनतीस, ते हितं बी करायचं. लेकरं किती तिला?"

"तीन."

"लेकरामागं दोन बोटं. झाली सहा. सून आली?"

"दोन वर्षं झाली."

"मंग बसून खातीया. आनखी दोन धर. अन् आत चांगली माया ठिव, उसवायला."

फरफरणाऱ्या कापडावर सुलेखानं लॅपटॉप वजन म्हणून ठेवला. ते काम त्यानं चोख केलं! मग डोळे मिटावेसे वाटत असताना उघडे ठेवून तिनं पैठणी कापली.

शनिवारी मालनबाई फुगलेल्या तोंडानं आल्या, एकट्याच. पडद्यामागं गेल्या. एक हूक लागला, दुसरा लागला. सगळे हूक लागले! मालनबाई बाहेर आल्या, आरशासमोर गर्रकन वळल्या, छाती भरून श्वास घेतला. ब्लाउज जागचा हलला नाही.

"माप कवाचं गं हे?"

"जुनंच आहे," सुलेखा म्हणाली. हे खोटं नव्हतं.

"जुनं? म्हंजे मी बोटभर बी वाढले नाय!" मालनबाईंनी तिथूनच फोन लावला. "भागू, मी जाड झाले म्हनलीस ना? ये, कॉम्प्युटरच्या मापाचा ब्लाउज बघ!... नाय म्हनलीस? खरंच? मंग येडे, हळदीला ये की! तुझ्याबिगर हळद लावू का?"

सुलेखानं कडूबाईंकडं बघितलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या, ओठ दाबून.

लग्न थाटात झालं. सोमवारी पाचोडचा गाडीवाला एक पिशवी टेकवून गेला. आत सात ब्लाउजपीस, भागूबाईंचा सगळ्यात वर, आणि चिठ्ठी: मापं कॉम्प्युटरात हायेतच. मालनसारखा बसला पाहिजे.

कडूबाईंनी डबा उपडा केला. साती जणींचे दोरे सापडले. सगळे सत्तावीस वर्षांपूर्वीचे.

सुलेखानं भागूबाईंचा नंबर लावला. अंगाची चौकशी करायची नसते, एवढं आता तिला कळलं होतं.

"काही नाही, सहज फोन केला," ती म्हणाली. "लेकरं किती हो तुम्हाला?"